मिळून खेळायचं, मिळून हरायचं: आमच्या रविवारच्या खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या घरी महिन्यातले दोन रविवार संध्याकाळी चारपासून खेळ चालतात. कधी पाच जण असतात, कधी बारा. ऊन असलं तर बल्कांवावर (गोव्यातल्या घरापुढचा बसायचा ओटा), पावसात हॉलमध्ये. यायच्या आधी लोक फोनवर, मासळी बाजारात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत मला तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नेमकं काय खेळता?

टेबलावर मांडून खेळायचे खेळ. पत्ते, शब्दांची कार्डं, कधी जमिनीवर पसरायचा नकाशा. त्यातलेही एका ठरावीक जातीचे: सगळे खेळणारे एका बाजूला आणि समोर माणूस नाही, कोडं. प्रत्येकाला त्यातलं थोडं थोडं ठाऊक असतं, पण ते दुसऱ्याला सांगायची बंदी असते किंवा अगदी चिमूटभर मुभा. त्या चिमटीत तर्क चालवायचा. जमलं तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले. तोंडी लावायला दंगा करायचे एकदोन खेळ असतात, कारण तीन तास कोणाचंच डोकं तापत ठेवू नये.

पैसे लावून?

नाही. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, त्यामुळे गोव्यात कोणी ‘गेम खेळायला जाते’ म्हटलं की समोरच्याची भुवई वर जाते. माझ्या सासूबाईंचीही गेली होती. आता त्याच सगळ्यांत बेरकी शब्द लिहितात. लावायचंच म्हणाल तर उशिरा येणाऱ्याने मिरची भजी आणायची.

आम्हाला पत्त्यांपलीकडे काही येत नाही. चालेल?

मग निम्मं काम झालंय. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ‘द क्रू’ पाच मिनिटांत कळतो. थॉमस सिंग यांचा हा 2019 चा खेळ. चार रंग, प्रत्येकात 1 ते 9, आणि वर चार रॉकेटं. रॉकेट म्हणजे हुकूम. उतारी, रंग पाळणं, हात करणं, सगळं ओळखीचं. फरक एवढाच की इथे हात मोजत नाहीत. सुरुवातीला कामं वाटून घेतात: हिरवा 3 हिच्याच हाताला पडला पाहिजे, निळा 7 त्याच्याच. मग ज्याच्याकडे मोठे पत्ते आहेत त्याला ते कुठेतरी गुपचूप टाकून द्यावे लागतात, आणि मेंढीकोटात मुरलेल्या माणसाला हातातला एक्का फुकट घालवायचं जेवढं जिवावर येतं तेवढंच हेही येतं.

खुणांची गंमत वेगळीच. मेंढीकोटात भिडूला खूण केली की भांडण. इथे खूण कायदेशीर आहे, पण एका मोहिमेत एकदाच. आपला एक पत्ता उघडा ठेवायचा आणि तो त्या रंगातला आपल्याकडचा सर्वांत मोठा, सर्वांत लहान की एकुलता एक, एवढंच टोकन ठेवून सांगायचं. आमच्या काकांनी चाळीस वर्षं मेंढीकोटात खाकरून खुणा केल्या. पहिल्याच मोहिमेत त्यांना खरोखरचा खोकला आला आणि दोघांनी सवयीने हुकूम टाकला. अशा 50 मोहिमा आहेत. आम्ही दीड वर्षात एकतिसावीपर्यंत आलोय. काकांना आता घोटभर पाणी पिऊनच बसवतो.

पहिल्यांदा येणाऱ्याने कशापासून सुरुवात करावी?

‘जस्ट वन’. यावर आमच्यात मतभेद आहेत, पण हे पान मी लिहिते आहे.

लुडोविक रूदी आणि ब्रुनो सॉटर यांचा हा खेळ 2018 मध्ये आला आणि 2019 चा ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. तीन ते सात जण लागतात. एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी चिठ्ठीवरचा गुप्त शब्द बघायचा आणि प्रत्येकाने आपापल्या पाटीवर त्याला सूचक असा एकच शब्द लिहायचा, कोणाचंही न बघता. मग लिहिणाऱ्यांनी पाट्या एकमेकांना दाखवायच्या. दोघांनी सारखाच शब्द लिहिला असेल तर दोन्ही बाद. उरलेल्या पाट्या बघून पहिल्याने शब्द ओळखायचा. अशा तेरा फेऱ्या. चुकीचं उत्तर दिलं तर ते कार्ड तर जातंच, गठ्ठ्यातलं आणखी एकही जातं. त्यामुळे ‘माहीत नाही’ म्हणून गप्प राहणं कधी कधी शहाणपणाचं असतं.

जुलैमधली गोष्ट. बाहेर धो धो कोसळतोय, पन्हळीखाली बादली वाजतेय आणि गुप्त शब्द आला ‘पाऊस’. पाच जण लिहिणारे. दोघांनी लिहिलं छत्री. दोघांनी लिहिलं बेडूक. चारही बाद. उरला सासूबाईंचा एकटा शब्द: वीज. डोळे उघडलेल्या शेजाऱ्याने पाटीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि ठामपणे म्हणाला, ‘बिल!’

खेळाचं सगळं मर्म या एका फेरीत आहे. पहिला सुचलेला शब्द सगळ्यांनाच सुचतो, म्हणून तो लिहायचा नाही. पण सगळ्यांनीच तसा विचार केला तर तो कोणीच लिहीत नाही, आणि मग तोच लिहायला हवा होता. नवखा माणूस तिसऱ्या फेरीपर्यंत शेजाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज घ्यायला लागतो. बाकीच्या खेळांतही तेच तर करायचं असतं.

इंग्रजी येत नसेल तर?

अडत नाही. ‘हनाबी’, ‘द माईंड’, ‘द क्रू’ यांच्या पत्त्यांवर फक्त आकडे आणि रंग असतात. शब्दांच्या खेळांसाठी आम्ही चिठ्ठ्या स्वतः मराठीत केल्यात, आणि विकतच्या डब्यापेक्षा त्याच जास्त रंगतात.

सगळ्यांत जास्त मेहनत ‘कोडनेम्स’वर घेतली. व्लादा ख्वातिल या चेक डिझायनरचा हा 2015 चा खेळ. 2016 चा श्पील देस यारेस त्याचा. टेबलावर पाच गुणिले पाच, पंचवीस शब्द मांडतात. दोन गट, प्रत्येकाचा एक हेरप्रमुख. नकाशा फक्त त्या दोघांना दिसतो: सुरुवात करणाऱ्या गटाचे 9 शब्द, दुसऱ्याचे 8, सात जण नुसते बघे आणि एक मारेकरी. हेरप्रमुखाने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा. आकडा म्हणजे त्या संकेतात किती शब्द गुंफलेत ते. मारेकऱ्यावर बोट पडलं की त्या गटाचा खेळ तिथेच खलास.

इथे दोन अर्थांचे शब्द सोन्यासारखे. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून 120 शब्द लिहिले: नाव, तीर, मान, हार, वर, पान, पाट, चाल, घाट, खाण, ओटी, रस, कर, काळ. ‘फेरी’ तर गोव्यात हवाच. खेळाची फेरी, फेरीवाल्याची फेरी आणि नदी ओलांडायची फेरी. एकदा मी हेरप्रमुख होते. म्हटलं, ‘लग्न, तीन.’ मनात होते वर, हार आणि ओटी. गटाने वर उचलला, हार उचलला आणि मग मामी कोपऱ्यातल्या एका पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘माप! माप ओलांडल्याशिवाय सून घरात येईल कशी?’ माप मारेकरी होता. हेरप्रमुखाने चेहरा दगडासारखा ठेवायचा असतो. मला ते जमलं नाही, पण मामींचं बोट तोवर टेकलं होतं.

हा खेळ दोन गटांतला आहे, म्हणजे अर्धाच मिळून. पूर्ण मिळून खेळायचा असेल तर 2017 चा ‘कोडनेम्स: ड्युएट’. तिथे नकाशाच्या दोन बाजू दोघांना वेगवेगळ्या दिसतात, प्रत्येक बाजूवर तीन मारेकरी, आणि दोघांनी मिळून पंधरा शब्द शोधायचे. नवरा-बायकोने खेळायला हरकत नाही, मात्र पाहुणे असताना नको.

कोकणी शब्द चालतो का?

आमच्या टेबलावरचा हा सगळ्यांत जुना वाद. ‘जस्ट वन’च्या मूळ नियमात गुप्त शब्दाचं परभाषेतलं रूप बाद असतं. म्हणून ‘नारळ’ला ‘नाल्ल’ लिहिलेलं आम्ही बाद करतो. कोकणीला परकी म्हणायला कोणी तयार नाही, बाद करायला मात्र सगळे एका पायावर तयार. दोन पाट्यांवर ‘आंबा’ आणि ‘आंबो’ आलं तर ते सारखंच. एकवचन-अनेकवचन सारखंच. ‘पाणी’ आणि ‘पाण्यात’ही सारखंच. ‘पाव’ आणि ‘उंडो’ यावर मात्र पंधरा मिनिटं गेली. शेवटी ठरलं की उंडो हा पावाचा एक प्रकार आहे, म्हणून शब्द वेगळा. पोई आणि काकण या पावांनाही त्याच निकालाने प्रवेश मिळाला.

कोडनेम्समध्ये उलट कोकणीची चैन आहे. ‘भाव’ हा शब्द मराठीत बाजारातही चालतो आणि मनातही, वर आमच्याकडे तो भाऊसुद्धा.

एकच जण सगळ्यांचं खेळतो, बाकीचे नुसते पत्ते धरून बसतात. उपाय?

मिळून खेळायच्या खेळांचा हा जन्मजात रोग आहे. आमच्याकडे त्याला ‘भाटकार’, म्हणजे जमीनदार, म्हणतात: सगळ्यांची कुळागरं (बागायती) स्वतःचीच समजून हुकूम सोडणारा. दहापैकी आठ वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं, हीच खरी अडचण.

रागवून उपयोग नाही. खेळ बदला. ज्या खेळात सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असते, तिथे भाटकार तयार होणारच. मॅट लीकॉक यांचा ‘पॅन्डेमिक’ (2008) नावाजलेला आहे, पण नेमका याच कारणासाठी मी तो आमच्या घरी काढत नाही. माहितीच वाटली गेली असेल आणि तोंड बंद असेल तर भाटकाराकडे हुकूम सोडायला काही उरत नाही. घरात मोठा आवाज कोणाचा आहे ते आधी आठवा आणि मग डबा निवडा. डब्यावरचं चित्र आणि पुरस्काराचा शिक्का नंतर.

‘द माईंड’मध्ये बोलायचंच नसतं म्हणे. मग खेळायचं काय?

वोल्फगांग वार्श यांच्या या 2018 च्या खेळात 1 ते 100 आकड्यांचे पत्ते आहेत, बाकी जवळपास काही नाही. पहिल्या पातळीला प्रत्येकाला एक पत्ता, दुसऱ्या पातळीला दोन, असं वाढत जातं. सगळ्यांचे पत्ते चढत्या क्रमाने मध्ये पडले पाहिजेत. पाळी नाही, बोलणं नाही, खूण नाही. माझ्याकडे 34 आहे; तुझ्याकडे त्याहून लहान काही आहे का? तू हलत नाहीस, म्हणजे नसावं. किती वेळ थांबू? चौघांनी आठ पातळ्या पार करायच्या, तिघांनी दहा, दोघांनी बारा.

ऐकताना लोकांना हा खेळच वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. मग चवथीला चुलत दिरांबरोबर बसलो. तिघेही घुमट आरतीतले (घुमट आणि शामेळ ही गोव्यातली तालवाद्यं). दोघे घुमटावर, एक शामेळावर. पहिल्याच डावात सहाव्या पातळीपर्यंत गेलो. कोणी काही मोजताना दिसत नव्हतं, पण मांडीवर बोटं हलत होती. आरतीत लय चढते तेव्हा कोण कधी उठाव घेणार हे जसं न बोलता कळतं, तसंच काहीसं असावं. 71 आणि 72 हे दोन पत्ते दोघांच्या हातून लागोपाठ बरोबर पडले तेव्हा स्वयंपाकघरातून कोणीतरी ओरडून विचारलं, ‘काय झालं?’ इतका आरडाओरडा झाला होता. आधीची चार मिनिटं घरात चिडीचूप.

हनाबी कठीण आहे का?

नियम सोपे, खेळ कठीण. अंत्वान बोझा यांचा 2010 चा खेळ, 2013 चा श्पील देस यारेस. हनाबी म्हणजे जपानीत शोभेची आतषबाजी. पाच रंग, प्रत्येक रंगाची माळ 1 पासून 5 पर्यंत लावायची. आपले पत्ते आपल्याकडे पाठ करून धरायचे. सगळ्यांना दिसतात, फक्त आपल्याला नाही. दुसऱ्याला सांगायचं ते इतकंच: ‘हे दोन पत्ते लाल’ किंवा ‘हा एक पत्ता 4’. असं सांगायच्या टोकनांची संख्या आठ. संपली की पत्ता फेकून टोकन परत मिळवा. तीन चुका झाल्या की खेळ संपला. पूर्ण गुण 25. आमचा उच्चांक 22, आणि तो दिवस अजून काढला जातो.

एकूण 50 पत्ते. प्रत्येक रंगात 1 तीनदा, 2, 3 आणि 4 दोनदा, आणि 5 फक्त एकदा. म्हणून 5 चुकून फेकला की त्या रंगाची माळ पुरी होत नाही. खरी कसोटी मात्र ‘मला हे आत्ताच का सांगितलं?’ या प्रश्नात आहे. कोणी टोकन खर्च करून ‘हा 1’ म्हणतो, तेव्हा तो माहिती देत नाही, ‘हा लाव’ म्हणतोय. एवढं कळलं की हनाबी आला. पहिले दोन डाव नवखा माणूस पत्ते सवयीने आपल्याकडे वळवून बघतो. त्याला हसून माफ करायचं, पुन्हा वाटायचे.

पावसाळ्यात पत्ते खराब होत नाहीत?

होतात. कपाटावर ठेवलेल्या डब्याला ऑगस्टपर्यंत हिरवी लव येते. आमच्या हनाबीतला लाल 5 दमटपणाने वाकला, होडीसारखा. आता सांगा, ज्या खेळात आपले पत्ते फक्त आपल्यालाच दिसत नाहीत, त्यात एक पत्ता पाठीवरून ओळखू यायला लागला तर? हातात होडी आली की माणूस ती अजिबात न बोलता शेवटपर्यंत जपून ठेवायचा. सगळेच जपायचे आणि कोणीच कबूल करत नव्हतं. तीन रविवार आमचे गुण वाढत गेले, म्हणून संशय आला.

आता सगळे पत्ते प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये आहेत. सगळे म्हणजे सगळे. एकालाच घातली तर तोच ओळखू येतो. डबे झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडलं की पुठ्ठ्यांना तासभर वारा. टेबलावर चहा नाही. चहा खिडकीपाशी, भज्यांनंतर हात पुसायला फडका.

दिवे गेले तर?

मेणबत्तीत हनाबी खेळू नका. पांढरा आणि पिवळा सारखाच दिसतो. जस्ट वन टॉर्चच्या उजेडात मस्त होतो.

आम्ही लहानपणी राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळायचो. तसंच ना?

चेहऱ्यावरून ओळखायचं एवढं साम्य. पण त्यात चोर लपायला बघतो. ‘माफिया’ही त्याच घराण्यातला, 1986 मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफने सुरू केला. तिथे आपल्यातलाच कोणीतरी खोटं बोलत असतो आणि बाद झालेल्याला बसून राहावं लागतं. कॉलेजातल्या मुलांना तो फार आवडतो. आमच्याकडे दोनदा झाला. दुसऱ्या वेळी दोन बहिणी परत जाताना एका गाडीत बसल्या नाहीत, तेव्हापासून बंद.

वयस्कर माणसं आणि मुलं एकत्र खेळू शकतात का?

‘मायक्रोमॅक्रो: क्राइम सिटी’ त्यासाठीच काढतो. योहानेस झीश यांचा 2020 चा खेळ, 2021 चा श्पील देस यारेस. एका शहराचा काळापांढरा, 75 गुणिले 110 सेंटिमीटरचा नकाशा. तीच माणसं त्यात वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या वेळची काढलेली. प्रेत सापडतं तिथून माग काढत मागे मागे जायचं: हा माणूस आधी कोणत्या गल्लीत होता, त्याच्या मागून कोण येत होतं. सोळा प्रकरणं आहेत. मुलं अधीरपणे सगळीकडे बोटं फिरवतात. शेजारचे आजोबा खाणीवर सर्व्हेअर होते. ते भिंग घेऊन डाव्या कोपऱ्यातून एकेक ओळ वाचत येतात आणि मुलांच्या आधी पोचतात. गुन्हे खुनाचे आहेत, चित्रं गमतीदार असली तरी, तेवढं पालकांनी बघून घ्यावं. एकदा सोडवला की संपला, म्हणून आमचा संच सध्या डिचोलीला एका मैत्रिणीकडे फिरतीवर आहे.

चवथीला मूळ घरी पंधरा-वीस जण असतात. काय न्यावं?

कोडनेम्स. गट कितीही मोठे करता येतात, मध्येच कोणी फुगडीला उठून गेलं तरी अडत नाही, आणि लांबून बघणारेही ओरडून मत देतात. सातापेक्षा जास्त असतील तर जस्ट वन जोडीजोडीने, एका पाटीवर दोघे. मिस्टेरियम नेऊ नका. त्यात एक जण मुकं भूत होऊन चित्रांतून स्वप्नं पाठवतो, बाकीचे त्यावरून खुनी शोधतात. सुंदर आहे, पण मांडायलाच वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात कोणीतरी नेवऱ्यांचं ताट त्यावर ठेवतं.

नवीन काय आलंय?

‘बॉम्ब बस्टर्स’. हिसाशी हायाशी यांचा, 2025 चा श्पील देस यारेस. प्रत्येकाच्या पुढ्यात तारा चढत्या क्रमाने उभ्या, पण तोंड आपल्याकडे. माझ्याकडे 7 आहे. तुझी डावीकडून चौथी तारही 7 असावी, असं बोट दाखवून म्हणायचं. 66 मोहिमा आहेत. हनाबीला घाबरणारेही याला बसतात, कारण इथे आपले आकडे तरी आपल्याला दिसतात.

किती वाजता संपतं?

ठरलेली वेळ साडेसात. पण हरलेला गट उठत नाही, ‘एकच’ म्हणतो. बसने येणारे दोघे आहेत. त्यांची बस चुकली की मी स्कूटर काढते. गेल्या रविवारी पावसात जाऊन आले, तर बाकीचे माझ्या वाटचे पत्ते वाटून बसले होते.